लालच्या शेजारचं काळं बटन

या बाईच्या आवाजाला ना चव आहे ना वास. संगणकात बसलेल्या बाईबद्दल बोलतेय मी. ऋतुजानं, म्हणजे माझ्या वहिनीच्या नातीनं, परवा सुट्टीत येऊन तिला माझ्या टेबलावर आणून बसवली. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते ही बाई वाचून दाखवते, आणि मी जे टाइप करते तेही एकेक अक्षर मोठ्यानं बोलते. मयताची बातमी आणि मेथीचा भाव एकाच सुरात. स्वल्पविरामाला थांबत नाही, प्रश्नाला आवाज चढवत नाही, आणि 'वाळवण' म्हणायचं झालं की तिची जीभ अशी काही वळते की ऐकून मलाच शिसारी येते. मी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य मी जन्मभर म्हटलं, पण पलीकडच्या माणसाला माझ्या आवाजावरून खरं काय ते कळायचं. हिच्याकडून काहीच कळत नाही. ऋतुजा म्हणते, "शकूआजी, सवय होईल." होईलच. माणसाला कशाचीही सवय होते, हीच तर घाण आहे.

पहिल्या दिवशी मी बाणाची कळ दाबत दाबत एका पानावरून खाली निघाले, तर ही बाई म्हणायला लागली, बटन, बटन, बटन. कशाचं बटन ते सांगेना. मी ऋतुजाला विचारलं तर ती म्हणाली, ज्यानं हे पान बनवलं त्यानं बटनांना नावंच दिली नाहीत, बघणाऱ्याला चित्रावरून कळतं, म्हणून त्यानं सोडून दिलं. मी म्हटलं, "बाई गं, हे मला ठाऊक आहे. तुझा बाप रांगत होता तेव्हापासून ठाऊक आहे." ती हसली. म्हातारी गंमत करतेय असं तिला वाटलं. गंमत नव्हती. कंट्रोलची कळ दाबली की ही बाई तोंड मिटते, तेवढा एक गुण तिच्यात आहे. मी ती दाबली आणि ऋतुजाला सांगितलं की जा, चहा कर, मला लिहायचंय.

आमचं घर तुळजापूरच्या जिल्ह्यातल्या वाशीहून ईटकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, गावाच्या खालच्या अंगाला होतं. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत शेळ्या आणि चूल. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती असं मला सांगितलेलं. मी तिला रोज उदबत्तीच्या वासावरून नमस्कार करायची. माझे डोळे फार लहानपणी देवीच्या आजारात गेले. आई त्याच्याही आधी गेली होती. दादा सोलापुरात गिरणीत होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात बाबा, वहिनी, वहिनीचं रांगतं पोर आणि मी. आणि घराच्या वरच्या अंगाला, वारा आमच्याकडं सुटेल अशा बेतानं बांधल्यासारखी, गावातल्या सहकारी संस्थेची खव्याची भट्टी. आमच्या भागातला खवा पार पुण्यापर्यंत जायचा आणि लोक त्याचं कौतुक करायचे. मला अजून कुणी पेढा दिला तर मी तो शेजारच्याच्या ताटात सरकवते. सकाळपासून दूध आटायचं, लोखंडी उलथणं कढईच्या बुडावर खर्र खर्र फिरायचं, आणि दुपारपर्यंत करपट, गोडसर, चिकट वास आमच्या अंथरुणात, केसांत, पाण्याच्या घागरीतही शिरलेला असायचा. जेवताना भाकरीच्या घासालाही तोच वास. बाबा त्या भट्टीला बाभळीची लाकडं तोडून आणून घालायचे. लाकडं ओट्याच्या खाली टाकायची, वर जायचं नाही, दुधाच्या भांड्याकडं तोंड करून खोकायचंही नाही. ज्याच्या लाकडावर दूध आटायचं त्याची सावली दुधाला चालत नव्हती. बाबा हे सगळं असं सांगायचे की जणू पावसाचं सांगताहेत, आला तर आला, नाही तर नाही.

मोठ्या दुष्काळात सगळा गाव खडी फोडायच्या कामावर होता. मीही असायची, काम करायला नव्हे, घरी एकटी कुठं ठेवणार म्हणून. हातोड्यांचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे, दिवसभर टक टक टक, आणि दुपारी लाल मिलोची भाकरी. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची, खाताना दाताखाली चिकटायची, आणि तिला बुरशी लागलेल्या पोत्याचा वास यायचा. मी थुंकून टाकली की बाबा म्हणायचे, "थुकू नको शके, भूक लई शानी हाय, तिला समदं गोड लागतं." मला नाही लागलं कधी. त्याच कामावर पाहणीला आलेल्या एका बाईंनी मला बघितलं आणि शहरातल्या अंधशाळेत घातलं. तिथं मी ब्रेल शिकले, सातवी झाले. पण पुढच्या इयत्तांची ब्रेल पुस्तकं त्या शाळेत नव्हती, म्हणून मी घरी परत आले, डोक्यात सातवी आणि पुढं भिंत.

मला दहावी व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं होतं की दहावी झालेल्या अंध मुलीला टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण मिळतं, मग नोकरी. दहावी नाही तर मग पडवीत शेळ्यांजवळ बसून जन्म काढायचा, किंवा तुळजापूरच्या पायऱ्यांवर वाटी घेऊन. हे दुसरं मला गावातल्या एका म्हातारीनं फार प्रेमानं सुचवलं होतं, "देवीच्या दारात उपाशी न्हाय ऱ्हात कुनी." मी बौद्धाची पोर, आणि माझे डोळे ज्या देवीनं नेले असं गाव म्हणायचं तिच्याच नावानं वाटी! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बाहेरून दहावी देता येते, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, एवढं मला कळलं होतं. गावातल्या मुलांकडून जुनी पुस्तकं मिळाली. वाचणार कोण?

वहिनी सातवी शिकलेली होती. तिनं मागं-पुढं न बघता पुस्तक उघडलं आणि चुलीपुढं बसून वाचायला लागली. तिचं वाचणं ऐकण्यासारखं असायचं. पुस्तक मांडीवर, एक हात पिठात, आणि इतिहासाच्या मध्येच, "आणि त्यामुळे शेतकऱ्यांमध्ये असंतोष पसरला, हाड् हाड्, मेली कोंबडी, पसरला व ठिकठिकाणी उठाव झाले." समजलं नाही तर ती पुढं जायची नाही. "थांब, हे काय लिवलंय मलाच कळंना," म्हणून तेच वाक्य तीनतीनदा वाचायची. भूमितीत आकृती आली की पिठाचं बोट घेऊन माझ्या तळहातावर काढायची. पण तिच्या मागं पाणी होतं, सरपण होतं, पोर होतं, खुरपायला जायचं होतं. टँकर आला की पुस्तक पालथं घालून पळायची आणि घागर भरून येईपर्यंत अर्धा दिवस गेलेला असायचा. अशा रीतीनं दहावीची पुस्तकं संपायला तिला सात जन्म लागले असते. ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

अशात संस्थेचे चेअरमन माझ्या उपयोगी पडायला निघाले. खव्याची भट्टी, दूध, खतं-बियाणं, सगळ्या सोसायट्या त्यांच्याच हातात होत्या आणि पुढं जिल्ह्यात जायचं त्यांच्या मनात होतं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की शहरात आंधळ्या मुलांसाठी धडे टेपवर भरून ठेवतात आणि मुलं ऐकून अभ्यास करतात. बस्स. वार्षिक सभेत मला मांडवात उभी केली, गळ्यात हार घातला, आणि भोंग्यातून जाहीर झालं की संस्थेनं या अभागी लेकरासाठी वाचणारं यंत्र आणलं आहे. चेअरमननी माझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं. केसाला हात लागला नाही, वरच्या वर फिरला. मला फक्त अत्तर आणि तंबाखूचा वास आला. फोटो निघाल्याचा खटका वाजला. माझ्या हातात एक जड खोका दिला, टाळ्या संपेपर्यंत धरायला लावला आणि मग काढून घेतला. "तुमच्या घरात ठिवून इस्कोट हुईल," चेअरमन बाबांना म्हणाले, "हापिसात ऱ्हाऊ दे. पोरीला धाडत जा." बाबा म्हणाले, "व्हय जी."

हायस्कूलचे एक सर धडे वाचून टेपवर भरणार आणि सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरराव यंत्र चालवणार असं ठरलं. वहिनीला एवढा आनंद झाला की तिनं त्या दिवशी गुळाचा शिरा केला. मला हात धरून ती सोसायटीच्या ऑफिसात घेऊन गेली. पायरीवर गेलो आणि दिगंबरराव आतून म्हणाले, "तिथंच बसा, तिथंच. ऐकू येतंय की हितनं." म्हणजे यंत्र आत टेबलावर आणि मी बाहेर पायरीवर. मध्ये उंबरा. ते बटन दाबायचे, आत सरांचा आवाज सुरू व्हायचा, आणि ऑफिसातल्या पंख्याच्या, तराजूच्या, खताच्या पोत्यांवरून भांडणाऱ्या लोकांच्या गोंगाटातून जेवढं बाहेर येईल तेवढी माझी दहावी. बाहेर उन्हात बसून मी मान आत घालायची, आणि कुणी आत जायला लागलं की मान काढून घ्यायची.

आणि सरांचं ते वाचन! बशीतून चहाचा भुर्रका, मग अर्धं वाक्य, मग खाकरणं, मग पानाची पिंक टाकायला बाहेर गेल्याचा आवाज, टेप चालूच, मग परत येऊन भलत्याच ओळीपासून सुरुवात. "आकृती चार पाहा. आकृतीवरून हे स्पष्ट होते." पुढं. "शेजारील नकाशा पाहा." पुढं. मधले धडेच्या धडे त्यांनी 'हे परीक्षेला येत नाही' म्हणून सोडून दिलेले. मी एकदा पायरीवरून म्हटलं, "सर, तो नकाशा कसला आहे तेवढं सांगाल का?" टेपमधले सर कसे सांगणार. आतली माणसं खो खो हसली. मीही हसले, कारण हसले नसते तर दुसऱ्या दिवशी यायची लाज वाटली असती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण लोक माझ्या तोंडावर कधी म्हणत नसत, फार मोठ्या मनाचे होते. पण पीठ कोण खात होतं ते मला पायरीवर बसून चांगलं कळत होतं. पेपरात माझा फोटो आला होता. चेअरमनचा होता, मी त्यात खोका धरून होते.

मग पाहणीला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार असं ठरलं. संस्थेनं काय काय केलं ते दाखवायचं होतं. भट्टी, गोदाम आणि मी. सकाळीच दिगंबररावांचा निरोप आला की पोरीला धुतलेले कपडे घालून आणा. वहिनीनं वेणी घातली, गेलो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हणाले, "आत ये. खुर्चीवर बस." वहिनी पायरीवरच थांबली. मी उंबरा ओलांडून आत गेले तेव्हा ऑफिसात खताचा आणि फिनेलचा वास होता. मला लोखंडी खुर्चीवर बसवलं. समोर टेबल, टेबलावर ते यंत्र. इतके दिवस मी ज्याच्यासमोर मान वाकवून बसत होते त्याला माझा हात पहिल्यांदा लागला. थंडगार होतं. पुढच्या बाजूला ओळीनं बटनं, सगळी एकसारखी, पेटीच्या पट्ट्यांसारखी.

"सायेब आले की तू सोता बटन दाबायचं," दिगंबरराव म्हणाले. "म्हंजी त्येंला वाटंल पोरीला समदं येतं. आता एकदा दाबून बघ. लाल न्हाय दाबायचं बरं का. लालनं टेप पुसतीया. लालच्या शेजारचं काळं दाबायचं."

मला वाटलं ते गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. ते माझ्यापासून चार हात लांब उभे राहून, अगदी समजावून सांगणाऱ्या माणसाच्या सुरात, परत म्हणाले, "लालच्या शेजारचं काळं, एवढं बी कळंना व्हय?" मी म्हटलं, "हात धरून दाखवा ना एकदा." त्यांच्या श्वासावरून मला कळलं की ते मागं सरकले. मी एक बटन चाचपलं आणि दाबलं. ते दाबताना शेजारचंही आपोआप खाली गेलं. चाकं फिरायला लागली. "फिरतंय की," दिगंबरराव खूश होऊन म्हणाले, "आवाज बारीक हाय जनू," आणि तेवढ्यात बाहेर जीप वाजली, तसे ते तसंच सोडून दाराकडं पळाले. दारातच चेअरमन भेटले असावेत. ते माझ्यापासून दहा पावलंही लांब नव्हते, आणि आवाज खाली आणायची त्यांना गरजही वाटली नाही. आंधळीला काय ऐकू येणार, असंच त्यांच्या डोक्यात असावं.

"दिगू, सायेब गेल्याबरुबर खुर्ची धुऊन घे," चेअरमन म्हणाले. "ती सतरंजी बी उन्हात टाक. च्याचा तिचा कप येगळा ठिवलाय न्हवं?"

"ठिवलाय जी. खिडकीत."

"त्यो परत आत घिऊ नको. अन् टेबलावर गोमूत्र शिंपड उलीसं. म्हातारी घरात बोंबलतीया सकाळधरनं."

"जी."

मग दिगंबरराव आत आले, खट्कन बटन बंद केलं आणि टेप मागं नेली. मी खुर्चीवर बसून होते. माझ्या मांडीखालचं लोखंड आता मला पोळत होतं असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं, पण तसं काही नव्हतं. मला फक्त ओकारी येत होती, खरीखुरी, घशापर्यंत. परक्याच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या अंगाची किळस आली, जणू मी खरंच काही घाण आहे आणि खुर्चीला लागले आहे. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या माणसाचा राग मी कधीच गिळला असता. माझ्याच अंगाची मला किळस आणली, ते मात्र अजून गिळलेलं नाही.

साहेब आले. बुटांचे आवाज, खुर्च्या सरकल्या, हार झाले. एक पेपरवालाही होता, त्याच्या कॅमेऱ्याची पिशवी टेबलाला आपटली. चेअरमननी भाषण केलं की आमच्या संस्थेत जातपात नाही, हरिजनाची आंधळी पोरही इथं खुर्चीवर बसून शिकते. हरिजन हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. मग म्हणाले, "चालव बाळ." मी हात पुढं केला, आणि माझ्या बोटाला काहीतरी लाकडी टोचलं. फूटपट्टी. दिगंबररावांनी फूटपट्टीच्या टोकानं माझं बोट ढकलत ढकलत बरोबर बटनावर नेऊन ठेवलं. साहेबांच्या देखत. बघणाऱ्यांना वाटलं असेल शिकवायची ही एक पद्धत आहे. मी दाबलं.

सरांचा चहाचा भुर्रका यायला पाहिजे होता. त्याऐवजी दिगंबररावांचा आवाज आला, "फिरतंय की," आणि मग जीपचा आवाज, आणि मग स्वच्छ, मोठ्यानं, शब्दन् शब्द, खुर्ची, सतरंजी, कप, गोमूत्र, म्हातारी. मघाशी माझं बोट लालवरच पडलं होतं, आणि सरांचा धडा पुसून त्यावर त्यांचंच बोलणं भरलं गेलं होतं. कुणालाही कुठलं बटन दाबून ते थांबवायचं सुचलं नाही. दिगंबररावांचा 'जी' संपला आणि त्याच्या खालून, पुसायचा राहिलेला सरांचा धडा सुरू झाला, "सहकारामुळे समाजातील दुर्बल घटकांचा." तेव्हा कुठं कुणीतरी बटन दाबलं.

मी वाट बघत होते. मला खरंच वाटलं होतं की आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. साहेब शिकलेले होते, त्यांचं बोलणं शहरातलं होतं. पंखा फिरत होता. पेपरवाल्यानं नाकातून हसू सोडलं आणि गिळलं. मग साहेब म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. आवाज स्पष्ट येतो."

चेअरमन मोकळे झाल्यासारखे हसले. "गावातली जुनी मानसं, सायेब, घरातल्या म्हातारीचं मन राखावं लागतं." "असतंच ते," साहेब म्हणाले. चहा आला. बशांचा किणकिणाट त्यांच्याकडं झाला आणि माझ्यापुढं टेबलावर काहीतरी ठेवलं त्याचा आवाज बद्द आला. खिडकीतला तो 'कप' म्हणजे जस्ताचं टमरेल. गंमत म्हणजे त्या चहाचा वासही फार छान होता, वेलदोडा घातलेला. त्यांनी बिस्किटं बुडवली. त्या भुर्रक्यांचा आवाज मी अजून ओळखू शकेन, इतका मी नीट ऐकला. चेअरमन माझ्यावर जरासुद्धा रागावले नव्हते, तीच तर शिसारी. म्हणाले, "बाळ, सायबांसमोर दोन शब्द बोल. संस्थेचे आभार मान."

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मला दिसत नाही. ऐकू येतं."

एवढंच बोलले. पुढं बरंच काही होतं, ते राहिलं. आणि मग पायरीकडून जोडव्यांचा आवाज आला, फरशीवर, उंबऱ्याच्या आत, सतरंजीवर, न थांबता. वहिनी. तिनं माझा दंड धरला. "चल शके," ती म्हणाली, "म्या वाचते. माझं तोंड काय कुनाला भाड्यानं दिलंय व्हय?" दिगंबरराव म्हणाले, "अगं ए, आत कुठं," आणि वहिनी त्यांना म्हणाली, "धुनारच हाईत न्हवं? मग दोघींचं संगंच धुवा."

घरी येऊन मी ओकले. बाबा संध्याकाळी लाकडं टाकून आले, त्यांना सगळं गावातूनच कळलं होतं. ते चिडले, आमच्यावर. "कशापायी बोलली गं? उद्या लाकडं बंद झाली तर खायाचं काय?" लाकडं बंद झाली नाहीत. काहीच झालं नाही. चेअरमन दुसऱ्या दिवशी बाबांना भेटले तेव्हा नेहमीसारखे बोलले, पेपरात पाहणीची बातमी आली, साहेबांनी संस्थेचं कौतुक केल्याची. यंत्र ऑफिसात राहिलं आणि पुढं निवडणुकीत जीपवर भाषणं वाजवायला गेलं. लोकांना वाटतं अशा गोष्टीनंतर काहीतरी घडतं. मी सांगते, चहा घडतो.

घडलं ते आमच्या पडवीत. वहिनीनं खुरपायला जाणं कमी केलं, त्या वर्षी आम्ही कोरड्यास करायचं सोडून नुसत्या चटणीशी भाकरी खाल्ली, आणि ती वाचत राहिली. टँकरच्या रांगेत घागर ठेवून तिथंच बसून वाचायची, बायका हसायच्या, मग हळूहळू गप्प बसून ऐकायच्या. तिचा आवाज बसायचा, ती गरम पाण्यात मीठ घालून प्यायची आणि पुढं वाचायची. सगळी पुस्तकं दोनदा झाली. माझ्या तळहातावर पृथ्वीचे सगळे खंड निघाले आणि पुसले गेले. परीक्षेला माझा पेपर लिहायला आठवीतली एक मुलगी मिळाली, मी सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि मी दहावी पास झाले. ऋतुजाला हे सांगितलं तर ती म्हणते, वा, किती प्रेरणादायक. तिची ही बाईही तो शब्द फार सफाईनं म्हणते. मला त्या शब्दाचा वीट आलाय. माझ्या वहिनीच्या घशाची चाळण झाली होती, त्यात प्रेरणा कसली.

निकालानंतर संस्थेची वार्षिक सभा होती. आम्ही गेलो नव्हतो, पण भोंग्याचं तोंड आमच्या वस्तीकडंच असायचं. वहिनी भाकरी थापत होती, मी पोराला भरवत होते, बाबा हात धूत होते. आणि चेअरमनचा आवाज आला, की आपल्या गावची आंधळी कन्या दहावी पास झाली, आपल्या संस्थेच्या वाचणाऱ्या यंत्राचा हा चमत्कार आहे. एवढ्यावर थांबले असते तर आयत्या बिळावर नागोबा म्हणून सोडून दिलं असतं. पुढं म्हणाले, "त्या पोरीच्या घरात अक्षराची वळख असलेलं कुनी न्हाय. अशा अंधारातून संस्थेनं तिला हात दिला."

भाकरीची थाप थांबली. टाळ्या वाजल्या, त्या संपल्या, तरी थाप पुन्हा सुरू होईना. तव्यावरची भाकरी जळायला लागली. बाबा कधी नव्हे ते शिवी हासडून उठले आणि तवा उतरवला. मला वाटलं वहिनी रडतेय. पण ती म्हणाली तेव्हा आवाज कोरडा होता. "शके, तुला समदी पुस्तकं पाठ हाईत न्हवं?"

"आहेत."

"म्हन मंग. पैल्यापासनं. म्या थापते, तू म्हन. पुढच्या साली माझा फारम भरायचा."

तेव्हापासून पुढचं सगळं वर्ष चुलीपुढं मी बोलत राहिले आणि वहिनी ऐकत राहिली. इतिहास, भूगोल, सगळं, माझ्या तोंडातून. विसरले तर तीच आठवण करून द्यायची, कारण शेवटी ते तिच्याच तोंडून आलेलं होतं. परीक्षेला ती दादाची जुनी पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.नं गेली, पोर माझ्याजवळ ठेवून. आणि पास झाली. गणितात तर माझ्यापेक्षा जास्त मार्क.

त्या साली सभा झाली, भोंगाही लागला. सहकाराबद्दल बोलला, खव्याबद्दल बोलला, जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्यांबद्दल बोलला. आम्ही जेवता जेवता शेवटपर्यंत ऐकलं. वहिनीचं नाव काही निघालं नाही. मला इतका संताप आला की मी ताटावरून उठायला निघाले, तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

"बरं झालं," ती म्हणाली, "त्येच्या तोंडात जाऊन माझं नाव बाटलं असतं."